लिंबाचा कॉम्प्युटर

पुण्यात प्रोग्रॅमिंग कधी आलं यावर वाद होऊ शकतो. (पुण्यात कशावरही होऊ शकतो.) कोणी म्हणेल, १९८८ मध्ये सी-डॅक सुरू झालं, १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला, तेव्हापासून. माझ्या मते ते त्याच्या बरंच आधी आलं आणि पेठांमधल्या दारांवर आलं. ‘बेल एकदाच वाजवावी. दोन मिनिटे थांबावे. दार न उघडल्यास घरात कोणी नाही असे समजावे. आतून आवाज येत असल्यास आपल्याला भेटायचे नाही असे समजावे.’

लोक याला उद्धटपणा म्हणतात. मला यात कमालीचा काटेकोरपणा दिसतो. बेल ‘एकदाच’ म्हटल्याने पाहुणा त्याच पायरीवर गरगरत राहत नाही. ‘दोन मिनिटे’ म्हटल्याने थांबण्याला अंत आहे. दार न उघडल्यास काय, न उघडूनही आवाज आल्यास काय, सगळ्या वाटा बांधलेल्या. हिंजवडीत बसणारी हुशार मुलं यातली एखादी वाट विसरतात आणि मग शनिवार-रविवार ऑफिसात काढतात. पाहुण्याने पाटीच वाचली नाही तर काय, एवढी एकच शक्यता ती लावणाऱ्या काकांनी मोकळी सोडलेली असते. तशा पाहुण्यासाठी काका स्वतः आत बसलेले असतात.

अशा शहरातल्या मुलांना संगणकाचा विचार शिकवायला संगणक कशाला लागतो, हा प्रश्न खरं तर कोणाला पडायलाच नको होता. पण २०२० साल आलं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात, सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचा समावेश असलेले उपक्रम सुरू करावेत, असं एक वाक्य आलं. त्याच्या आधीच्याच वाक्यात कोडी आणि खेळ यांचा उल्लेख आहे. तो कोणी वाचला नाही. जाहिरातवाल्यांनी तर मुळीच नाही, कारण कोड्यांना मासिक हप्ता लावता येत नाही. टाळेबंदीत घरोघरी मुलं पडद्यापुढे बसलेलीच होती. ‘तुमचा मुलगा अजून कोडिंग करत नाही?’ हा प्रश्न ‘मुलगा अजून बोलत नाही?’ या सुरात विचारला जाऊ लागला. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत लिफ्टमध्ये शिरलं की चौथा मजला येईपर्यंत कोणाच्या तरी नातवाने अ‍ॅप बनवल्याची बातमी कळायची. अ‍ॅप काय करतं ते कळायला आठवा मजला लागला असता. आमची इमारत सातच मजल्यांची आहे.

या वातावरणात आमच्या वरच्या मजल्यावरच्या निवृत्त गणिताच्या बाईंनी नोटीस बोर्डावर कागद लावला: ‘संगणकाशिवाय संगणक. वय ८ ते १२. मे महिना, रोज संध्याकाळी ५ ते ६॥. स्थळ: पार्किंग. कृपया या वेळेत गाड्या बाहेर लावाव्यात.’ माझी नेमणूक हरकाम्या म्हणून झाली. पहिल्या दिवशी जेवढे फोन आले ते सगळे शेवटच्या ओळीबद्दल होते. शिक्षणाबद्दलचे फोन दुसऱ्या दिवशी सुरू झाले.

“लॅपटॉप आणायचा का?”

“नको.”

“टॅब?”

“नको.”

“मग काय आणायचं?”

“दोन लिंबं. आणि घरात असेल तर पत्त्यांचा कॅट.”

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, “मे महिन्यात लिंबं? भाव बघितलात का?” ऑनलाइन कोडिंगच्या वर्गाला हजारो रुपये निमूट भरलेल्या गृहस्थांचा हा प्रश्न होता. आणखी एका आईंनी विचारलं की गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते तेव्हा वर्ग असेल का. असेल म्हटल्यावर त्यांचा विश्वासच उडाला. लाइट नसताना चालतं ते कॉम्प्युटरचं शिक्षण कसं असेल? सर्टिफिकेट मिळेल का, हे मात्र सगळ्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, मिळेल, लिंबाचा डाग असलेलं.

ही कल्पना बाईंच्या डोक्यातून निघालेली नाही, हे त्यांनीच पहिल्या दिवशी सांगून टाकलं. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चच्या कँटरबरी विद्यापीठातले टिम बेल यांनी इयन विटन आणि माइक फेलोज यांच्याबरोबर १९९० च्या दशकात हे खेळ जुळवून त्यांचं पुस्तक केलं. ‘कॉम्प्युटर सायन्स अनप्लग्ड’ म्हणजे प्लग काढलेलं संगणकशास्त्र. मुळात प्रश्न साधा होता: पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या वर्गात जाऊन आपण संगणकशास्त्रज्ञ काय करतो ते सांगायचं कसं? यंत्र नेलं तर मुलं यंत्राशीच खेळत बसणार. मग यंत्र घरी ठेवून पत्ते, दोऱ्या, खडू आणि फळं नेली. आपल्याकडे एसीएम इंडिया या संगणक व्यावसायिकांच्या संस्थेने २०१६ मध्ये ‘सीएसपाठशाला’ हा उपक्रम सुरू केला. पुण्याच्या मंडळींचाही त्यात हात आहे. ज्या शाळेत संगणक नाही, किंवा आहे पण मुख्याध्यापकांच्या कपाटात कव्हर घालून आहे, अशा शाळेतही संगणकाचा विचार शिकवता यावा, ही त्यामागची व्यावहारिक बाजू. कव्हर घातलेले संगणक मीही पाहिले आहेत. त्यांना दसऱ्याला झेंडू वाहतात, एवढाच त्यांचा वापर.

यंत्राशिवाय संगणकशास्त्र ही कल्पना विचित्र वाटत असेल तर एड्सगर डायक्स्ट्राची गोष्ट ऐका. १९५६ साली हा डच गृहस्थ अ‍ॅमस्टरडॅममध्ये वाग्दत्त वधूबरोबर खरेदीला गेला होता. दमून दोघं एका कॅफेत कॉफी प्यायला बसली. तिथे बसल्या बसल्या, एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचा सगळ्यांत जवळचा रस्ता कसा शोधायचा, याची रीत त्याने वीसेक मिनिटांत डोक्यात तयार केली. कागद नाही, पेन्सिल नाही. ती १९५९ मध्ये छापली गेली आणि आज नकाशाची अ‍ॅप्स चालतात ती त्या रीतीवर आणि तिच्या वंशजांवर. पुण्यात हे घडणं अवघड होतं. आपल्याकडे कॉफीचा कप रिकामा झाला की पाचव्या मिनिटाला पोऱ्या फडकं घेऊन टेबल पुसायला येतो, आणि तो टेबल पुसत नाही, आपल्याला पुसतो. जवळचा रस्ता तर आपल्या रिक्षावाल्यांना डायक्स्ट्राच्या आधीपासून माहीत आहे. ते त्या रस्त्याने जात नाहीत, हा वेगळा मुद्दा.

पहिला खेळ पाच पुठ्ठ्यांचा. पाच मुलं ओळीत उभी. पुठ्ठ्यांवर डावीकडून सोळा, आठ, चार, दोन आणि एक ठिपके. पुठ्ठा एक तर दिसेल, नाही तर पाठ फिरवेल. अर्धवट काही नाही. एकोणीस दाखवा म्हटलं की सोळा, दोन आणि एकवाल्यांनी पुठ्ठा समोर करायचा. एवढ्या पाच पुठ्ठ्यांवर शून्यापासून एकतीसपर्यंत कोणतीही संख्या दाखवता येते आणि प्रत्येक संख्या एकाच प्रकारे. संगणकाला दोनच अंक कळतात म्हणजे काय, ते पाच मिनिटांत संपलं. उरलेला वेळ तंट्यात गेला. शून्यापासून एकेक वाढवत एकतीसपर्यंत जाताना ‘एक’वाल्या मुलाला पुठ्ठा एकतीस वेळा फिरवावा लागतो, ‘दोन’वाल्याला पंधरा वेळा, ‘चार’वाल्याला सात, ‘आठ’वाल्याला तीन आणि ‘सोळा’वालीला फक्त एकदा. म्हणजे सगळ्यांत जास्त वजन जिचं, तिने सगळ्यांत कमी हालचाल करायची. ‘एक’वाला घामाघूम होऊन म्हणाला, “हे अन्याय्य आहे.” गॅलरीतून बघणाऱ्या एका आयटीतल्या बाबांनी खोल श्वास घेतला आणि ते आत निघून गेले. त्यांची बढती त्या वर्षीही हुकली होती, असं नंतर कळलं.

हेच बोटांवर करता येतं. अंगठा एक, तर्जनी दोन, मधलं बोट चार, अनामिका आठ, करंगळी सोळा. एका हातावर एकतीस, दोन हातांवर एक हजार तेवीस. बाईंनी हे निरागसपणे शिकवलं. चार म्हणजे फक्त मधलं बोट, हे मुलांच्या लक्षात यायला साधारण चार सेकंद लागले. त्यानंतर दोन दिवस सोसायटीतल्या प्रत्येक मुलाला “तू कितवीत आहेस?” याचं उत्तर चौथीत असंच द्यायचं होतं.

जादूचा खेळ मोठ्यांनाही ओढून घेऊन गेला. पंचवीस पत्ते पाच बाय पाचच्या चौकोनात मांडायचे, काही उलटे, काही सुलटे, मुलांच्या मनाप्रमाणे. बाई म्हणायच्या, “फारच सोपं झालं, थोडं अवघड करू,” आणि सहावी उभी ओळ, सहावी आडवी ओळ सहज लावल्यासारखी लावायच्या. मग पाठ करायच्या. मुलांनी कोणताही एक पत्ता उलटा करायचा. बाई वळून दोन क्षण बघत आणि नेमका तोच पत्ता उचलत. तळमजल्यावरच्या आजी रोज खुर्ची टाकून बसत. त्यांचं पक्कं मत होतं की मी डोळ्याने खूण करतो. मला वॉचमनच्या केबिनमध्ये बसवून प्रयोग झाला, तरी पत्ता सापडला. मग आजींचा संशय वॉचमनवर गेला.

गुपित त्या सहाव्या ओळींत आहे. प्रत्येक ओळीत उलट्या पत्त्यांची संख्या सम होईल असा सहावा पत्ता लावायचा. एक पत्ता फिरला की त्याची आडवी ओळ विषम होते आणि उभीही. जिथे त्या दोन्ही छेदतात तिथे चोर. तारेवरून, हवेतून माहिती जाताना एखादा ठिपका इकडचा तिकडे झाला तर संगणक असाच जास्तीच्या ठिपक्यांवरून ओळखतो. पुस्तकांच्या आयएसबीएन क्रमांकातला शेवटचा अंक आणि आपल्या आधार क्रमांकातला बारावा अंक हे याच जातीचे पहारेकरी. आधीच्या अंकांवरून हिशेबाने काढलेले, एखादा अंक चुकला तर ओरडणारे. ते ऐकून आजी घरात गेल्या, आधार कार्ड घेऊन आल्या आणि बाराव्या अंकाकडे बराच वेळ रोखून बघत राहिल्या. इतकी वर्षं हा आपल्या पिशवीत बसून पहारा करत होता आणि बोलला नाही, असा भाव होता.

आता लिंबं. मूळ खेळ संत्र्यांचा आहे, पण आठ-दहा वर्षांच्या मुलांच्या हातात सोललं जाणारं फळ देऊन शिस्तीची अपेक्षा करू नये. मुलं गोल बसतात. प्रत्येकाच्या दोन लिंबांवर त्याचा फ्लॅट नंबर स्केचपेनने लिहिलेला. एकाकडे मात्र एकच लिंबू. सगळी लिंबं मिसळून वाटायची, प्रत्येक हातात एक. गोलात फक्त एक हात रिकामा राहतो. आता रिकाम्या हाताच्या शेजाऱ्यालाच लिंबू देता येतं. फेकायचं नाही, खाली ठेवायचं नाही, दोन घरं पलीकडे द्यायचं नाही. सगळ्यांना आपापली लिंबं मिळाली की खेळ संपला.

पहिल्या फेरीत बी-४०२ ला तिसऱ्याच मिनिटाला आपली दोन्ही लिंबं मिळाली. त्याने ती छातीशी धरली आणि “माझं झालं” म्हणून जाहीर केलं. एक गेला. थोड्या वेळाने ए-२०१ चंही झालं. आता रिकामा हात या दोघांच्या मधे अडकला. डावीकडचा देत नाही, उजवीकडची देत नाही, बाकीची सात मुलं परकी लिंबं घेऊन बसलेली. सगळ्यांचे हात भरलेले आणि काम ठप्प. संगणकात याला डेडलॉक म्हणतात. एका प्रोग्रॅमने प्रिंटर धरून ठेवला आहे आणि तो फाइलची वाट बघतोय. दुसऱ्याने फाइल धरली आहे आणि तो प्रिंटरची वाट बघतोय. दोघंही नियमाने वागतायत, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि पान काही निघत नाही.

पुण्याच्या मुलांना हे समजावून सांगावं लागलं नाही. सिग्नल बंद पडलेला कोणताही चौक त्यांनी स्कूलबसच्या खिडकीतून पाहिलेला असतो. चारही बाजूंनी प्रत्येक जण एक एक फूट पुढे सरकत बरोबर मध्यावर येऊन थांबलेला. पुढे जायला जागा नाही, मागे जायला मागचा नाही म्हणतो, आणि सगळ्यांच्या वर एक वाक्य तरंगत असतं: “आधी तुम्ही मागे घ्या.” पुणेकर वाहनचालक अरेरावी करतो असं नाही. तो तत्त्वासाठी थांबलेला असतो. तत्त्व म्हणजे मी आधी आलो. असे दोनशे तत्त्वनिष्ठ एका चौकात आले की संध्याकाळ जाते.

दुसऱ्या फेरीत तळमजल्यावरच्या आजींच्या नातीने काही तरी विचित्र केलं. तिची दोन्ही लिंबं तिच्या हातात होती. तिने त्यातलं एक शांतपणे शेजारच्याच्या रिकाम्या हातात ठेवलं. गॅलऱ्यांमधून एकच ओरडा झाला. “अगं, तुझंच आहे ते! सोडू नकोस!” पहिल्या मजल्यावरून तिची आई, तिसऱ्यावरून अनोळखी काका, गच्चीवरून कोणी तरी. आयुष्यभराचं शहाणपण सगळ्या मजल्यांवरून तिच्या अंगावर कोसळत होतं. ती म्हणाली, “येईल परत.” रिकामा हात तिच्याकडून पुढे सरकला, गाडं सुटलं, आणि काही मिनिटांत तिचं लिंबू सगळं गोल फिरून तिच्याकडे परत आलं. जरा मऊ झालं होतं. मोठी माणसं गप्प झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः खेळून बघितलं. सहा वाजता बसले ते साडेसातला उठले, तेही लिंबांचं सरबत करायचं ठरल्यावर.

आमच्या मुलांना सगळ्यांत जड गेला तो मात्र सगळ्यांत सोपा मानलेला खेळ. खडूने चौकटी आखायच्या, एकाने यंत्र व्हायचं, दुसऱ्याने कागदावर हुकूम लिहायचे: पुढे, डावीकडे वळ, उजवीकडे वळ. यंत्राने जसंच्या तसं करायचं. तिथे घोडं अडलं.

“पुढे.”

“का?”

“अरे, तू यंत्र आहेस.”

“हो, पण पुढे खांब आहे.”

“मग मला आपटू दे ना, म्हणजे कळेल की लिहिताना चुकलंय.”

“मी कशाला आपटू? तू नीट लिही.”

हे संभाषण मी रोज ऐकलं, वेगवेगळ्या तोंडून. संगणक होण्यासाठी जी एकच गोष्ट लागते, सांगितलेलं मुकाट्याने करणं, ती या शहरात पाळण्यातच काढून घेतात. मुलांना हुकूम लिहिता येत होते, फार सुंदर येत होते. ते पाळणारा सापडत नव्हता. बाईंचं म्हणणं पडलं की हीच गोष्ट शिकवायची आहे: डोकं चालवायचं ते लिहिताना, पाळताना नाही. उलटं करणाऱ्याला माणूस म्हणतात आणि त्याला पगार द्यावा लागतो.

हुकूम लिहिणंही वाटतं तेवढं सरळ नाही. एका मुलीने आईला विचारून पोह्यांची कृती आणली. ‘पोहे अंदाजे घ्यावेत. जरा भिजवावेत. मीठ चवीपुरतं. वाफ आली की झालं.’ यंत्र झालेला मुलगा पहिल्याच शब्दाला थांबला. ‘अंदाजे’ या बटणावर काय येतं, ते त्याला कळेना. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० मध्ये आलं तेव्हा मराठी स्वयंपाकघरात किती मोठी गोष्ट झाली असेल, ते मला त्या संध्याकाळी कळलं. वाट्या आणि चमचे मोजून लिहिलेली ती कृती नवशिक्या सुनेलाही चालवता येत होती. आईची कृती फक्त आईलाच चालवता येते.

पत्ता सांगण्याच्या पुणेरी पद्धतीचीही अशीच टिंगल होते. “सरळ जा, मारुतीपाशी डावीकडे, आणि पुढे कोणालाही विचारा.” बाहेरचा माणूस चिडतो: पूर्ण सांगायला काय होतं? इंटरनेट नेमकं असंच चालतं. आपला निरोप तुकड्या-तुकड्यांनी निघतो. वाटेतल्या कोणत्याही यंत्राला पूर्ण रस्ता माहीत नसतो. प्रत्येक जण पुढच्या चौकापर्यंतचं सांगतो आणि पुढे कोणालाही विचारा म्हणतो. सदाशिव पेठेत अमेरिकेतला निरोप येतो तो अशा कितीतरी ‘पुढे विचारा’मधून. आम्ही हाच खेळ चिठ्ठ्यांवर केला. एक चिठ्ठी हरवली. ती वॉचमनच्या खिशात निघाली. त्याने विचारल्याशिवाय पुढे द्यायची नाही असं ठरवलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात बाकावरच्या आजोबांनी तोंड उघडलं. ते उघडणार हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. “हे सगळं आपल्याकडे होतं,” ते म्हणाले. या वाक्याची मला धास्ती आहे. त्याच्यामागून बहुधा विमान येतं. पण आजोबा मराठीचे मास्तर होते, त्यांनी विमान काढलं नाही, गण काढले. ‘यमाताराजभानसलगा.’ लघु म्हणजे पुठ्ठ्याची पाठ, गुरू म्हणजे ठिपके. तीन अक्षरांचे गण किती? दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ. ते आठ वेगवेगळे लिहायचे तर चोवीस अक्षरं लागतात. या दहा अक्षरांच्या सूत्रात ते एकमेकांत अडकवून बसवले आहेत. पहिल्या आठांपैकी कोणत्याही अक्षरापासून तीन मोजा: यमाता म्हणजे य गण, मातारा म्हणजे म, ताराज म्हणजे त, असं सलगापर्यंत आठही, एकदाही पुनरावृत्ती नाही. संगणकशास्त्राचे भीष्माचार्य डोनाल्ड नूथ यांनी आपल्या ग्रंथात या सूत्राची दखल घेतली आहे. आणि पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघु-गुरूंच्या सगळ्या मांडण्या क्रमाने लिहून काढायची रीतच दिलेली आहे. पिंगलाकडे संगणक होता असा याचा अर्थ नाही, हे मी आजोबांना घाईघाईने सांगितलं. ते म्हणाले, “मी कुठे म्हटलं? तुमच्याकडे तरी कुठे आहे?”

बाईंनी मग मुलांना मनाच्या श्लोकांवर बसवलं. दोनशे पाच श्लोक, चार-चार ओळी, भुजंगप्रयात, म्हणजे ओळीत चारदा य गण: लघु, गुरू, गुरू. आठशे वीस ओळी, दर ओळीला बारा अक्षरं. लघु-गुरूच्या खुणा लिहायच्या तर नऊ हजार आठशे चाळीस. “एवढं लिहायचं?” म्हणून मुलं हादरली. ए-२०१ ने पाटीवर लिहिलं: ‘य चार वेळा. हे ८२० वेळा.’ संपलं. बी-४०२ म्हणाला, हिने फसवलं. आजोबा म्हणाले, हिला वृत्त कळलं.

आकडेमोडीचा खरा धिंगाणा कापरेकरांनी घातला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर फर्ग्युसनचे विद्यार्थी, पुढे निवृत्तीपर्यंत देवळालीला शाळामास्तर. कोणताही चार अंकी आकडा घ्या. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठ्यातून लहान वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येतो आणि तिथून हलत नाही. हे त्यांना १९४९ मध्ये सापडलं. १९४९ हाच आकडा घेऊन बघा: ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४. पुरत्या सात फेऱ्या. मास्तरांनी सालसुद्धा कसून निवडलं म्हणायचं. एकच कृती पुन्हा पुन्हा करायची आणि कधी थांबायचं ते ठाऊक ठेवायचं, याहून चांगला धडा कागद-पेन्सिलीवर मिळणार नाही.

मुलांनी आकडे शोधायला पार्किंगवर धाड घातली. एमएच-१२ च्या पुढचे चार अंक. अ‍ॅक्टिव्हा पाच फेऱ्यांत, बुलेट तीनमध्ये, कोपऱ्यातली धूळ खाणारी मारुती सहामध्ये ६१७४ ला पोचली. अडली ती एकच गाडी: सोसायटीच्या अध्यक्षांची. तिचा नंबर ७७७७, आरटीओत जादा पैसे भरून घेतलेला. उतरता क्रम ७७७७, चढता ७७७७, वजाबाकी शून्य. चारही अंक सारखे असले तर कृती चालत नाही, हे कापरेकरांनी आधीच बजावलं आहे. पण मुलांनी ते अध्यक्षांना ज्या शब्दांत सांगितलं (“काका, तुमची गाडी शून्य आहे”) त्यावरून मीटिंगमध्ये विषय निघाला.

शेवटच्या दिवशी चिखलनगर. हे पुण्यातच खेळावं. एक गाव, दहा घरं, सगळे रस्ते चिखलाचे. प्रत्येक रस्त्याला किती फरश्या लागतील ते खडूने लिहिलेलं. कोणाच्याही घरून कोणाच्याही घरी पाय न बरबटता जाता आलं पाहिजे, आणि फरश्या कमीत कमी. सगळ्यांत स्वस्त रस्ता आधी घ्या, मग त्याच्या वरचा. ज्याने नुसता फेराच पूर्ण होतो तो सोडा. दहा घरांना नऊ रस्ते पुरतात, एकही जास्त नाही. १९२६ मध्ये ओटाकार बोरुव्का या चेक गणितज्ञाने मोराविया प्रांतात विजेच्या तारा कमीत कमी लागाव्यात म्हणून हाच प्रश्न सोडवला होता.

मुलांनी नऊ रस्ते बरोबर काढले. बाईंनी शाबासकी दिली. आजींची नात मात्र एक दहावा रस्ता आखत बसली. बाईंनी विचारलं, हा कशाला? यामुळे फरश्या वाढल्या. ती म्हणाली, “नऊतला एक खणला की गाव तुटतं. आणि खणतातच.” कोण खणतं, ते तिने सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. आधी पाण्याच्या लाइनला, मग केबलला, मग आधीचं खणलेलं बुजवायला. बाईंनी बराच वेळ नकाशाकडे पाहिलं आणि म्हणाल्या की इंटरनेट बांधणारेही असेच जास्तीचे रस्ते ठेवतात. मग तिथेच दोन पक्ष पडले. बी-४०२ काटकसरीच्या बाजूला, आजींची नात दहाव्या रस्त्याच्या. अंदाजपत्रक मंजूर होईना.

साडेसहा होऊन गेले होते. फाटकातून ७७७७ आत आली आणि चिखलनगरच्या वेशीवर, चौथ्या घराच्या अंगणात थांबली. अध्यक्षांनी काच खाली केली, हॉर्न वाजवायला हात उचलला. नातीने खडूचा हात वर करून त्यांना अडवलं.

“काका, मागे घ्या. रस्त्याचं काम चालू आहे.”

“किती वेळ?”

“ते सांगता येत नाही.”

अध्यक्षांनी एक शब्द न बोलता काच वर केली आणि गाडी मागे घेतली.